लहान मोटार : बदलावी की बाळगावी?

२०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबर रोजी, लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यासोबतचा एक टक्का उपकरही गेला. पेट्रोलचे इंजिन बाराशे घन सेंटिमीटरच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत, ही ‘लहान’ या शब्दाची सरकारी व्याख्या. पूर्वी १२९ रुपयांना पडणारी वस्तू ११८ रुपयांना मिळू लागल्यावर नवरात्रात विक्रेत्यांच्या दारी गर्दी झाली यात नवल नव्हते. या गर्दीत आयुष्यातील पहिली मोटार घेणारे होते, तसेच घरची पाच-सहा वर्षांची, विनातक्रार चालणारी मोटार ‘एक्स्चेंज’मध्ये देऊन दुसरी घेणारेही होते. पहिल्या वर्गाच्या आनंदावर विरजण घालण्याचे कारण नाही. दुसऱ्या वर्गाच्या मात्र एक गोष्ट बहुधा ध्यानात आली नसावी. नव्या मोटारीचा भाव उतरला की जुनीचाही उतरतो. कारण जुनीचे मोल नवीच्या तुलनेतच ठरत असते. करकपातीने नव्या खरेदीत जे वाचले, त्याचा काही भाग जुनी देताना त्याच टेबलावर परत गेला. ज्या दसऱ्याला जिला झेंडूचा हार घालायचा, त्याच दसऱ्याला तिला निरोपही द्यायचा, हा आपल्या सणाचा एक नवाच अर्थ म्हटला पाहिजे.

लहान मोटार दर चार-पाच वर्षांनी बदलावी काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला पडू लागून फार काळ लोटलेला नाही. परवाना-पद्धतीच्या दिवसांत तो संभवतच नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, तिचेच पुढे पद्मिनी झालेले रूप, उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, एवढाच काय तो पसारा. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच हाती आलेली मोटार विकणे हा वेडेपणा ठरे. आणि विकलीच, तर पुष्कळदा ती खरेदीच्या भावाने किंवा त्याहूनही चढ्या भावाने जाई. घसारा हा शब्द व्यापाऱ्याच्या खतावणीत होता, गृहस्थाच्या बोलण्यात नव्हता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला मिळाली आणि चित्र पालटू लागले. १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या, कर्ज देणाऱ्या बँका घरापर्यंत येऊ लागल्या आणि टंचाई संपली. ती संपली हे उत्तमच झाले. ते दिवस परत यावेत असे म्हणणाऱ्याने रेडिएटर उकळलेली पद्मिनी खंडाळ्याच्या घाटात कधी ढकललेली नसावी.

तथापि त्या पद्मिनीने शिकवलेली एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो. मुंबईतील टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. अखेरच्या नोंदणीची पद्मिनी टॅक्सी ही मर्यादा गाठून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. रात्रंदिवस राबणाऱ्या, पाळीपाळीने दोन-दोन चालकांच्या हाती जाणाऱ्या वाहनाला वीस वर्षे मिळतात. आणि आठवड्यातून चार दिवस इमारतीच्या आवारात उभी असणारी घरगुती मोटार मात्र पाच वर्षांत ‘जुनी’ ठरते. हा पाचाचा आकडा आला कोठून?

तो मोटारीच्या यंत्रातून आलेला नाही, एवढे निश्चित. कारखान्याची वाढवून घेतलेली हमी बहुधा त्या सुमारास संपते, कर्जाचे हप्ते फिटतात आणि विमा कंपनीचा घसाऱ्याचा ठरीव तक्ताही पाच वर्षांपाशीच थांबतो. या तीन मुदती जुळून आल्या की विक्रेत्याकडून दूरध्वनी येतो. जपानमध्ये या सवयीला निदान सरकारी कारण तरी आहे. तेथे ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी नव्या मोटारीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. ती खर्चिक असल्यामुळे तपासणीची तारीख जवळ आली की पुष्कळ लोक मोटार काढून टाकतात आणि त्या मोटारी जहाजांत भरून परदेशी जातात. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होऊ शकते. जपानी मोटारीबरोबर जपानी सवयही आपण आयात केली, पण तिच्यामागचे कारण तेथेच राहिले.

या व्यवहाराचा हिशेब एकदा कागदावर मांडला पाहिजे. विम्यासाठी मोटारीचे मूल्य ठरवण्याचा जो तक्ता आपल्याकडे वापरतात, त्यात पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पुरे होईपर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसारा धरला जातो. हा तक्ता म्हणजे बाजारभाव नव्हे; चांगल्या खपाच्या मोटारीला बाजारात याहून अधिकही मिळते. परंतु घसाऱ्याची चाल समजून घेण्यास तो पुरेसा आहे. ७ लाख रुपये किमतीची पेट्रोलची मोटार घेतली असे समजू. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या अशा खाजगी मोटारीवर ११ टक्के एकरकमी कर पडतो, म्हणजे ७७ हजार. हा कर मोटारीच्या पुढच्या मालकाच्याही कामी येतो. आपण विकताना त्याची वेगळी भरपाई कोणी देत नाही. पाच वर्षांनी मोटार साडेतीन लाखांना गेली, तर आपले ४ लाख २७ हजार खर्ची पडले, म्हणजे वर्षाला ८५ हजार ४००. हीच मोटार आणखी पाच वर्षे ठेवून दहाव्या वर्षी दीड लाखाला विकली, तर त्या दुसऱ्या पाच वर्षांचा घसारा २ लाख, म्हणजे वर्षाला ४० हजार. पंधराव्या वर्षी तिचे ५० हजार आले असे धरले, तर तिसऱ्या पाच वर्षांत वर्षाला अवघे २० हजार.

येथे विक्रीच्या रकमा उदाहरणादाखल धरलेल्या आहेत. वाचकाने आपल्या मोटारीच्या रकमा घालून पाहाव्यात. उतरंड बहुधा हीच राहील. मोटारीच्या आयुष्यातील सर्वांत महाग वर्षे पहिली पाच असतात आणि दर पाच वर्षांनी मोटार बदलणारा मनुष्य तीच महाग वर्षे पुनःपुन्हा विकत घेत असतो. स्वस्त वर्षे तो दुसऱ्याला देऊन टाकतो. जुन्या मोटारीला दुरुस्ती लागते हा त्यावरील नेहमीचा आक्षेप खरा आहे. पण किती लागते हे विचारले पाहिजे. वरच्या उदाहरणात पाचव्या वर्षानंतर दुरुस्तीचा जादा खर्च वर्षाला ४५ हजारांच्या पुढे जात नाही, तोवर मोटार बदलणे तोट्याचेच आहे. ज्याने पाच-सहा वर्षांची लहान मोटार वापरली आहे, त्याने आपली बिले काढून पाहावीत. क्लच प्लेट, शॉक ॲब्सॉर्बर, बॅटरी, चार टायर ही सगळी कामे एकाच वर्षी निघण्याचा दुर्दैवी योग आला तरी तो आकडा सहसा गाठला जात नाही, आणि हा योग काही दरवर्षी येत नाही.

कर्जाने हे गणित आणखी बिघडते. ६ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिना सुमारे १२ हजार ४५० रुपये हप्ता पडतो आणि व्याजापोटी जवळजवळ १ लाख ४७ हजार जातात. हप्ता हलका वाटावा म्हणून मुदत सात वर्षांची केली, तर तो ९ हजार ६५० च्या घरात येतो; व्याज मात्र २ लाख ११ हजारांपर्यंत चढते. गंमत पुढेच आहे. या सात वर्षांच्या कर्जावर घेतलेली मोटार पाचव्या वर्षी बदलायची म्हटले, तर बँकेचे २ लाख ११ हजारांच्या आसपास मुद्दल अजून देणे असते. साडेतीन लाखांच्या विक्रीतून ते फेडले की हातात उरतात १ लाख ३९ हजार, आणि तेवढ्या भांडवलावर गृहस्थ पुन्हा सात वर्षांच्या हप्त्यांना बांधून घेतो. ‘हप्ता तेवढाच राहील’ हे विक्रेत्याचे आश्वासन खरे असते. तो तेवढाच राहतो आणि कधी संपत नाही. पगारदार कुटुंबात ही रक्कम कोठून येते, हे सांगायला नको. मुलांच्या शिक्षणासाठी आणि उतारवयासाठी जे बाजूला पडायचे, त्यातूनच ती येते. व्यवसायासाठी मोटार वापरणाऱ्या डॉक्टरची किंवा वकिलाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याला आयकरात दरसाल शिल्लक मूल्यावर १५ टक्के घसारा वजा मिळतो. पगारदाराला आपल्या खाजगी मोटारीवर अशी सवलत नाही. मात्र मोटार बदलण्याची सवय त्याने डॉक्टरांच्याकडूनच उचललेली दिसते.

अर्थात सर्व मोटारी आणि सर्व गावे सारखी नाहीत. मुंबईत समुद्राजवळ, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीचे इंजिन ठणठणीत असताना तिचा पत्रा सडू लागतो. दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या वरचे भाग आणि सतरंजीखालची जमीन यांना एकदा गंज धरला की रंगकामाने तो झाकतो, जात नाही; तेथे आठ-दहा वर्षांतही मोटार संपू शकते. उलट सोलापूर-लातूरकडच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. तेथे रबरी नळ्या, पट्टे आणि वातानुकूलन यंत्रणा आधी दमतात. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी आणि पंचवीस हजार चालणारी मोटार यांचे वय वर्षांत मोजणे तर निव्वळ चूक आहे. शिवाय कंपनीच भारतातून निघून गेली, तर? जनरल मोटर्सने २०१७ अखेर येथील विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा मोटारींच्या मालकांनी घाईने विकण्यात शहाणपण नव्हते. भाव पडायचा तो बातमीसरशी पडतो, आणि पडलेल्या भावाने विकण्यापेक्षा सुटे भाग मिळतात तोवर वापरणे श्रेयस्कर असते.

येथवर सर्व विवेचन मोटार बाळगण्याच्या बाजूचे झाले. परंतु एक कारण असे आहे की ज्यापुढे हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा लागतो, आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींत ते फारसे नसते. ते कारण म्हणजे अपघात झाला तर आतील माणसे वाचणे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात त्या वेळी विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय लहान मोटारींची एअरबॅग नसलेली रूपे ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिली. मोठ्या माणसांच्या संरक्षणात पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. त्यानंतर आपल्याकडे नियम बदलत गेले. समोरून होणाऱ्या धडकेची चाचणी २०१७ पासून नव्या नमुन्यांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना लागू झाली. ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा एप्रिल २०१९ पासून आणि चालकापुढील एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनापुढील एअरबॅग तर जुन्या नमुन्यांना २०२२ च्या आरंभी लागू झाली. म्हणजे २०१९ पूर्वी घेतलेली स्वस्तातील मोटार आणि आजची तीच मोटार यांच्यात रंग, पडदा आणि बटणे यांचाच फरक आहे असे नव्हे. आजच्या मोटारीत जीव वाचण्याचा संभव अधिक आहे. हे एकदा घडलेले पाऊल आहे, दर पाच वर्षांनी घडणारे नव्हे. २०२२ नंतरची मोटार २०२७ मध्ये बदलणाऱ्याने सुरक्षिततेचे नाव पुढे करू नये. परंतु २०१३ ची मोटार घेऊन द्रुतगती मार्गावर मुलाबाळांसह जाणाऱ्याने पत्रा चांगला आहे, इंजिन चांगले आहे, असे म्हणून स्वतःची समजूत घालणेही बरोबर नाही.

सरकारने मात्र या दोन गोष्टींत, म्हणजे वयात आणि स्थितीत, भेद करण्याचे नाकारलेले दिसते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये अशा वाहनांना पंपावर इंधनच न देण्याचा प्रयोग झाला आणि दोन-तीन दिवसांत गुंडाळावा लागला. देशभर पंधरा वर्षांनंतरच्या मोटारीचे नोंदणी-नूतनीकरण एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार करण्यात आले. धूर किती सोडते हा प्रश्न येथे गौण आणि जन्मतारीख मुख्य. वस्तुतः सरकारचेच आकडे निराळे बोलतात. भारत-४ मानकात पेट्रोलच्या मोटारीला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ८० मिलिग्रॅम होती, ती भारत-६ मध्ये ६० झाली. डिझेलला मात्र २५० वरून ८० पर्यंत यावे लागले. म्हणजे जुनी डिझेल मोटार काढण्यास सबळ कारण आहे. नीट निगा राखलेल्या जुन्या पेट्रोल मोटारीच्या बाबतीत ते तितके सबळ नाही. नवी मोटार बनवण्यास लागणारे पोलाद, वीज आणि पाणी तर या हिशेबात कोणी धरतच नाही. त्यातच पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. समान आकारमानात इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश भरते, आणि २०२३ पूर्वीच्या अनेक मोटारी या मिश्रणासाठी बांधलेल्या नाहीत. आपल्या उसाच्या मळीला गिऱ्हाईक मिळाले याचा साखरपट्ट्याला आनंद होणारच. पण तेथील शेतकऱ्याच्या दारातली मोटारही बहुधा जुनीच असते.

ज्याला दर पाच वर्षांनी मोटार बदलण्याची हौस खरोखरच आहे, त्याला एक मार्ग सुचवावासा वाटतो. त्याने नवी घेण्याऐवजी चार-पाच वर्षांची मोटार घ्यावी. महाग वर्षांचा घसारा आणि एकरकमी कर दुसऱ्याने सोसलेला असतो आणि २०२२ नंतरची पाहून घेतली, तर दोन्ही एअरबॅगही मिळतात. मात्र अशा व्यवहारात नोंदणीपुस्तकावरील नाव बदलण्याकडे खरेदीदाराइतकेच विकणाऱ्यानेही लक्ष दिले पाहिजे. राज्यातल्या राज्यात मोटार विकल्यास चौदा दिवसांत तशी सूचना परिवहन कार्यालयास द्यावी, असे कायदा सांगतो. दलालाच्या हाती सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होणारे लोक पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की मोटार चार हातांतून गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. याशिवाय विनादावा वर्षांमुळे विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जी पाच वर्षांत निम्म्यापर्यंत जाते, ती मोटारीची नसून मालकाची असते. तिचे पत्र विमा कंपनीकडून मागून घेतले नाही, तर ती नुसतीच वाया जाते.

प्रस्तुत लेखकाची मोटार २०१३ सालची आहे. बारा वर्षांत तिने कधी रस्त्यात सोडले नाही, आणि वरील सर्व हिशेब तिच्याच बाजूने पडतो. तिच्यात एअरबॅग नाही. लेक नोकरीसाठी दर आठवड्याला तीच मोटार घेऊन नाशिकच्या रस्त्याने जाऊ लागली, तेव्हा ती बदलण्याचे ठरले; परंतु तेथे एक अडचण उभी राहिली, जिचा विचार आधी सुचला नव्हता. आपण असुरक्षित म्हणून काढलेली मोटार रस्त्यावरून जात नाही, ती दुसऱ्याच्या कुटुंबात जाते. दलालाने तिला ९० हजार सांगितले आहेत आणि तालुक्याच्या गावचे एक तरुण जोडपे दोन लहान मुलांसह ती पाहूनही गेले. सरकारमान्य भंगार केंद्रात दिली, तर धोरणाप्रमाणे नव्या मोटारीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के, म्हणजे ३५ हजारांच्या आसपास मिळतील. शिवाय तेथील प्रमाणपत्रावर नव्या मोटारीच्या करात काही सूट. मधल्या ५५ हजारांचे काय करायचे, हे घरात अजून ठरलेले नाही.